सहा पिवळ्या खुणा

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे.

या वेळी यास्मिनचा फोन आला आणि मला भीती वाटू लागली. इस्माईल, वेळ नेमकी लिहितो आहे. वेळ, माप आणि खूण यांत इन्स्पेक्टर कधी अंदाज चालू देत नाही, असे तू लोकांना सांगत असायचास. ते खरे नव्हते. एकदा मी तो चालू दिला. तुला ते सांगायचे राहून गेले.

फोनमागे तुझ्या गाडीचा आवाज होता. तुझी मुलगी त्या आवाजाच्या वर चढून बोलत होती.

“काका, निघतोय आम्ही. अम्मी केव्हाची गाडीत जाऊन बसलीय. इंजिन गरम होऊ दे म्हणून चालू ठेवलंय.”

भाभींची इद्दत, म्हणजे नवऱ्यामागे घरात बसण्याची मुदत, शुक्रवारी संपली. चार महिने दहा दिवसांनंतर त्या प्रथमच उंबऱ्याबाहेर पडणार होत्या. त्याही तुझ्या गाडीतून, नारायणगावला, माहेरी. हा बेत तुझाच होता. मी त्याला होकार दिला होता.

“सावकाश जा,” मी म्हणालो. “चाकणच्या चौकात कंटेनरच्या मागे चिकटू नकोस.”

“नाही हो. आणि अम्मी म्हणतेय, येताना कॅम्पातून काकांना क्रीम रोल आणू. अब्बा शेवटचा रोल तुमच्याकडेच हरले ना? फ्लायव्हीलचा. घरी येऊन अम्मीला सांगत होते म्हणे, इन्स्पेक्टरनं चोर धरला, पण एवढा रागावलाय की तोंडातून शब्द काढला नाही.”

मी लगेच म्हणालो,

“गाडी बंद कर.”

“काय?”

“किल्ली काढून हातात ठेव. अम्मीला खाली उतरव. मी येतो.”

आवाज थांबेपर्यंत मी फोन कानाला धरून ठेवला. त्यानंतर कपाटातून टॉर्कच्या पान्याची पेटी काढली. चप्पल घालून बाहेर पडलो.

मागचे बहुतेक सारे तुला ठाऊक आहे. तरीही क्रमाने लिहितो. मला दुसरे जमत नाही.

भोसरीच्या कारखान्यात तू जुळणीला होतास आणि मी तपासणीला. तू बोल्ट आवळायचास. मी त्यावर टॉर्कचा पाना लावायचो. ठरलेल्या जोराला पाना ‘टक्’ वाजला, की बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. आवळणाऱ्याने खूण करायची नाही, आणि खूण नसलेले यंत्र दाराबाहेर जायचे नाही. ओळख होऊन महिनाही झाला नसेल, तेव्हा तू आठ बोल्टांपैकी एक मुद्दाम थोडा सैल ठेवलास. मी खरेच तपासतो की नुसता ब्रश फिरवतो, हे तुला पाहायचे होते. पाचव्या बोल्टावर पाना वाजण्याआधीच फिरला. मी तुझ्याकडे न बघता म्हणालो, “सापडला.” दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला एक क्रीम रोल माझ्या टेबलावर होता.

त्या सैल बोल्टाला तू चोर म्हणायचास. नोकरी सोडून तू स्वतःचे गॅरेज टाकलेस, मी रविवारी तिथे येऊ लागलो, आपले केस गेले, तुझे गुडघे गेले. पण चोराचा खेळ राहिला. कधी महिनोन्महिने चोर नसायचा आणि कधी लागोपाठ दोन रविवार असायचा. तू तो जोखमीच्या जागीच ठेवायचास. “बिनजोखमीच्या जागी कुत्रं तरी तपासतं का, राव?” असे तू म्हणायचास. मी बोट ठेवून सापडला म्हणायचो आणि तुझ्या देखत तो आवळून खूण करायचो; साक्षीला तू असल्यामुळे नियमाला एवढी सूट चालायची. एकही चोर माझ्या हातून सुटला नाही. हे मी अभिमानाने सांगत आलो.

गाडी तुला तुझ्या उस्तादांकडून मिळाली. दोन माणसांची, उघडी, विलायती, आपल्या दोघांहून वयाने थोडीच लहान. तिला चारच गिअर. गल्लीत ते पुरत. पण नाशिक रस्त्यावर मागे चाकणचे ट्रक लागले की चौथ्या गिअरमध्ये इंजिन ओरडायचे आणि भाभी कानांवर हात ठेवायच्या. “हिला पाचवा गिअर द्यायचा, म्हणजे सासुरवाडीपर्यंत बायकोशी बोलता येईल,” असे तू म्हणालास. मी म्हणालो, की बोलण्यासारखे काही असेल तर चौथ्यातही ऐकू येते. तू त्यावर दिवसभर हसलास.

घरच्या शेडमध्ये असले काम करू नये, असे मी तुला लेखी दिले होते. तो कागद तू गिअरबॉक्सखाली तेल टिपायला अंथरलास. मोडीत निघालेल्या एका परदेशी गाडीचा पाच गिअरचा बॉक्स, आपल्या गाडीची जुनी लोखंडी घंटा, म्हणजे इंजिन आणि बॉक्स यांच्यामधले घंटेच्या आकाराचे कवच, आणि त्या दोहोंची ओळख नसल्यामुळे मधे बसवायची ॲल्युमिनियमची जाड प्लेट, असा तुझा संसार होता. प्रथम बसवून पाहिला तेव्हा गिअरचा दांडा चार इंच मागे, थेट कोपराखाली निघाला. “चांगलं आहे, गिअर बदलताना बायकोला कोपरखळी मारता येईल,” असे तू म्हणालास. भाभी शेडच्या दारातून म्हणाल्या, “मारून तर बघा. मी हँडब्रेक वढीन.”

ते दिवस चांगले होते. हे मी तेव्हा म्हणालो नाही.

जून महिन्यातल्या त्या दुपारी तू फ्लायव्हील बसवलेस. इंजिनच्या शेपटाला बसणारे ते जड चाक. त्याला सहा बोल्ट. ते घंटेच्या आत, चालवणाऱ्याच्या पायांपासून वीतभर अंतरावर फिरते. सहाही बोल्ट आवळून तू हात पुसलेस. मी मात्र टेबलावर प्लेट मापत होतो. ती केसभर बाहेर होती. पुन्हा लेथवर न्यावी लागेल, असे मी सांगितले.

“तिसऱ्यांदा?”

“तिसऱ्यांदा.”

तू हातातले फडके टेबलावर टाकलेस.

“इन्स्पेक्टर, आयुष्यभर तू दुसऱ्याच्या कामावर खुणा केल्यास. स्वतःहून एक बोल्ट आवळलायस? चोर आवळतोस, तोही मी दिलेला. तुला भीती वाटते. आवळलेला तुटला तर तुझं नाव लागेल ना, म्हणून.”

अजान झाली आणि तू असरच्या नमाजाला गेलास. मी शेडमध्ये एकटा राहिलो. पेटी बंद होती. ती मी उघडली नाही. रंगाची डबी उघडली आणि सहा बोल्टांवर सहा रेघा ओढल्या. माझी खूण हवी ना, घे. एवढाच विचार मनात होता. त्याला विचार म्हणावे का, ते मला ठाऊक नाही. तू परत येण्याआधी मी घरी निघून गेलो.

पुढल्या रविवारी आलो तेव्हा प्लेट लेथवर जाऊन आली होती. मापली, बरोबर निघाली. फ्लायव्हीलवर क्लच चढला होता, घंटा बसली होती. माझ्या स्टुलावर वर्तमानपत्राच्या कागदात एक क्रीम रोल होता. तू काही बोलला नाहीस, मीही बोललो नाही. तू क्षमा मागतो आहेस, असे मी समजलो. रोल खाल्ला. बॉक्स आपण न बोलता चढवला. त्यानंतर अकराव्या दिवशी तू गेलास.

अर्धे राहिलेले काम मी आणि यास्मिनने पुरे केले. दर रविवारी ती कॉलेजच्या उत्तरपत्रिका बाजूला ठेवून यायची. तेल भरले, शाफ्ट जोडला, दांड्याभोवती कातडे बसवले. तीनदा गल्लीत गाडी चालवली. मी शेजारी बसलो होतो. त्या सहा रेघा मला रोज आठवत होत्या. पण इस्माईलचा हात चुकत नाही, आणि भांडणाच्या दिवशी इस्माईल खेळणार नाही, असे मी स्वतःला सांगत होतो. भांडण बोल्ट आवळून झाल्यावर झाले, हा क्रम मी सोयीने विसरलो होतो.

माझ्या रहाटणीहून तुझ्या काळेवाडीला रिक्षाने दहा मिनिटे लागतात. पेटी मांडीवर होती. तो रोल हरल्याचा होता. म्हणजे चोर होता. म्हणजे तो अजून आत होता, आणि त्याच्यावर माझी खूण होती. चालू इंजिनवर तो किती मिनिटे फिरला असेल, याचा हिशेब मी करत होतो. तीन रविवार, आणि आजची सकाळ. चाकणच्या पुढे, पाचव्या गिअरमध्ये, त्या दोघींच्या पायांशी ते चाक सुटले असते, तर काय झाले असते हे मला माहीत आहे. कारखान्यात एकदा पाहिले आहे. रिक्षावाल्याने दोनदा विचारले, “आजोबा, बरं वाटत नाही का?”

भाभी गाडीतच बसलेल्या होत्या. मांडीवर डबा, डोक्यावरून नवी ओढणी.

“उतरा, भाभी.”

“न्हाई उतरायची. चार महिने बसले ना घरात? आता हिथनं न्हाई उठत.”

मी उभ्या उभ्या सांगितले. पाच वाक्ये लागली. यास्मिन किल्ली हातात धरून ऐकत होती.

“म्हणजे तुम्ही तपासलंच नाही?”

“नाही.”

“आणि मी तीन रविवार चालवली. तुम्ही शेजारी बसला होतात.”

“हो.”

“काका, तुम्ही मला साधा दिव्याचा स्क्रू दोनदा तपासायला लावलात.”

तिने ओरडायला हवे होते. ती ओरडली नाही. शेडच्या दाराशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

मग भाभी बोलल्या. “तो रोल तुमचा न्हवता तर, भाऊ.”

“नव्हता.”

“पर खाल्ला.”

“खाल्ला.”

“परत करा.”

त्या गाडीतून उतरल्या आणि डबा बॉनेटवर ठेवून उघडला. “पयलं चार घास खा दोघं. उपाशी पोटी गाडी उघडायची न्हाई. यास्मिन, ती साडी बदल आन् बापाचा शर्ट घाल.”

आम्ही काम सुरू केले. बैठका काढल्या, त्यांच्या मधले बोगद्यासारखे पत्र्याचे झाकण काढले. मागचा शाफ्ट सोडायला खाली जावे लागते. एक खाली, एक बाहेर, हा तुझा नियम होता. बाहेरच्याने बोलत राहायचे, म्हणजे खालच्याला आपण एकटे नाही हे कळते. आजवर खाली तू जायचास. मी एकाहत्तर वर्षांचा आहे आणि त्या गाडीखाली प्रथमच झोपलो. चार लोखंडी घोड्यांवर टेकवून गाडी उभी होती, ते घोडे मी स्वतः तपासले होते, आणि तरी माझ्या तपासणीवर माझा विश्वास बसत नव्हता. छातीवर एवढे लोखंड टांगलेले असताना तू तिथून विनोद कसे करायचास, हे मला समजले नाही.

“बोल काही,” मी खालून म्हणालो.

“काय बोलू?”

“काहीही. तुझे वडील बोलायचे.”

तिने वर्गातली हजेरी म्हणायला सुरुवात केली. आडनावांसह. साठ नावे होती. बेचाळिसाव्या नावाला शाफ्ट सुटला.

तुळईला टांगलेल्या तुझ्या साखळीच्या कप्पीने बॉक्स उचलला. तुझी प्लेट त्याच्यासोबत आली. सांध्यात मी नख घालून पाहिले. ते गेले नाही. घंटा काढली, क्लच काढला. तेव्हा अडीच वाजले होते. आत सहा पिवळ्या खुणा होत्या. इतक्या सरळ रेघा मी पूर्वी कधी ओढल्या नसतील. न तपासलेले काम मी फार टापटिपीने केले होते.

पेटी उघडली. पाना सर्वांत खालच्या आकड्यावर होता. तो तसाच ठेवायचा असतो; काम झाले की स्प्रिंग सैल करायची, नाहीतर पाना खोटे बोलू लागतो. “तुझा पाना झोपतो, इन्स्पेक्टर. तूही झोपत जा,” असे तू म्हणायचास. त्या दिवशीही पाना झोपलेलाच होता. मी मात्र त्याच्या नावाने सह्या केल्या.

पाना ठरलेल्या आकड्यावर आणला, पण लावण्याआधी मी थांबलो. इस्माईल, मला दोन भीती होत्या. एक बोल्ट सैल निघेल, ही पहिली. सहाही घट्ट निघतील, ही दुसरी. सहाही घट्ट असते, तर त्याचा अर्थ असा, की तू नमाजाहून परतलास, चोरावर माझी खूण पाहिलीस, पाना लावून बघितलास, तुला सारे कळले. आणि तू तो स्वतः आवळून, माझी लाज राखायला घरी खोटे सांगितलेस आणि माझ्यासाठी रोल आणलास. तसे असते तर मला या शेडमध्ये पुन्हा पाय ठेवता आला नसता. त्या दोघींच्या जिवाशी गाठ असताना मी आपल्या लाजेचा विचार करत होतो, हेही लिहून ठेवतो.

यास्मिनने बॅटरीचा उजेड धरला.

पहिला. टक्. पाना हलला नाही.

दुसरा. टक्. तिसरा. टक्. चौथा. पाचवा. तू साध्या पान्याने, हाताच्या अंदाजाने आवळलेले पाच बोल्ट, आणि पाना एका केसाने पुढे सरकला नाही. नुसत्या हाताला जोर कळतो की नाही, हा आपला वाद तू जिंकलास. तीस वर्षे मी तो मान्य करत नव्हतो.

सहाव्यावर पाना वाजला नाही. तो फिरला. जवळजवळ पाव फेरा.

म्हणजे तुला कळले नव्हते. तू चोर ठेवलास, माझी खूण पाहिलीस, आणि आपल्या हाताने सैल ठेवलेला बोल्ट घट्ट झाला आहे असे मानलेस. स्वतःच्या हातापेक्षा तू माझ्या रेघेवर विश्वास ठेवलास. क्लच चढवलास, घंटा लावलीस, आणि हरल्याचा रोल माझ्या स्टुलावर ठेवलास. मला भित्रा म्हणालास, पण लबाड तू मला कधी मानले नाहीस. यासाठी मी तुझा आभारी आहे. हे आभार मला पेलत नाहीत.

“सापडला,” मी म्हणालो. पाच महिने उशीर झाला होता, आणि ऐकायला तू नव्हतास.

यास्मिन खाली वाकून बघत होती. “हाच?”

“हाच.”

“आवळा ना मग.”

मी आवळला. पाना टक् वाजला. मग सवयीने रंगाच्या डबीकडे हात गेला, आणि तो मी मागे घेतला. आवळणाऱ्याने खूण करायची नाही. पाना मी तिच्या हातात दिला. तिने सहाही बोल्ट तपासले, घाई न करता. एकावर तिला खात्री वाटेना, म्हणून तो पुन्हा लावला. मग फडक्याला थिनर लावून माझ्या सहाही रेघा पुसल्या, बोल्ट कोरडे होऊ दिले, आणि स्वतःच्या हाताने सहा नव्या खुणा केल्या. दोन वाकड्या आल्या. त्या मी तशाच राहू दिल्या.

भाभी दारातून म्हणाल्या, “धरला का?”

“धरला, भाभी.”

“त्यास्नी सांगा.”

म्हणून लिहितो आहे.

क्लच आणि घंटा संध्याकाळपर्यंत चढली. त्यांचे बोल्ट मी आवळले, तपासले यास्मिनने. बॉक्स पुढच्या रविवारी चढेल. मग त्या दोघी जातील. मी फाटकाशी उभा राहीन, आणि नारायणगावहून फोन येईपर्यंत मला भीती वाटत राहील. आज आणखी एक भीती आली आहे. कारखान्यातून माझ्या खुणेने बाहेर पडलेली हजारो यंत्रे कुठे कुठे चालत असतील. त्या साऱ्या खुणा खऱ्या होत्या. या सहा सोडून साऱ्या. हे सांगणारा एक मीच उरलो आहे, आणि माझ्या सांगण्याची किंमत आज मी पाहिली. माझ्या बाजूने साक्ष देणारा माणूस तू होतास.

तू म्हणालास ते खरे होते. मला भीती वाटत असे, म्हणून मी तपासत असे. त्या दुपारी तेवढी वाटली नाही. राग तिच्याहून मोठा झाला. ती वाटायला हवी होती.

निघताना यास्मिन म्हणाली, “काका, रविवारी लवकर या.” ती अजून माझ्या डोळ्यांत बघत नव्हती, पण ये म्हणाली. येताना रिक्षा कॅम्पातल्या बेकरीवरून घेतली. बेकरी रविवारी दुपारनंतर बंद असते. रोल परत करायचा राहिला.

सहा वाजून वीस मिनिटांनी घरी पोचलो. हात धुतले. पेटी उघडली, पाना फडक्याने पुसला, मूठ उलटी फिरवत सर्वांत खालच्या आकड्यावर आणली, स्प्रिंग सैल झाल्याची खात्री करून घेतली, आणि पेटी बंद केली.